शमादान दिले असे

आमच्या घरात दुसऱ्यांचे कागद मोठ्याने वाचले जात. घरची पत्रं आई चुलीपाशी मनातल्या मनात वाचायची आणि फडताळात सारून द्यायची; पण कोंडातला कुणी जुना कागद घेऊन आला की तात्या, म्हणजे माझे वडील, ओटीवर घोंगडी पसरायचे, चष्म्याची दोरी कानामागे अडकवायचे आणि आधी सुपारी कातरायला घ्यायचे. अडकित्त्याचा आवाज थांबेपर्यंत कागद समोर तसाच पडलेला असे, आणि आलेला माणूस पायरीवर बसून कागदाकडे नाही, तात्यांच्या हातांकडे बघत राही. तात्या पिंपळकोंडाच्या शाळेत मास्तर होते. पोलादपूरच्या अलीकडे हमरस्ता सोडून ओढ्याकाठाने आत गेलं की आमचा कोंड, म्हणजे आमची छोटी वस्ती, लागे. आसपासच्या सात-आठ वाड्यांत मोडी वाचणारे ते एकटेच उरले होते. वाटणीपत्रं, वहिवाटीचे दाखले, देवळाच्या मानपानाचे निवाडे असं काहीबाही येत राही. तात्यांचा नियम होता : कागद आधी दोनदा मनात वाचायचा, मग उठून पाणी प्यायचं, आणि मगच तोंड उघडायचं. "अक्षर लागलं म्हणजे शब्द लागला असं समजू नकोस," ते मला सांगत. मी मान डोलवायचो. माझा पाय तोवर घोंगडीच्या कडेवर हलत असायचा.

तो पाय अजून हलतो. महाडच्या या खोलीत टेबलाशी बसलोय तर सकाळपासून तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला, एकदा ती पुन्हा उघडायला. सून दारातून डोकावून "बाबा, काही हवंय का?" विचारून गेली. काही नको आहे. लिहायचं आहे, आणि जे लिहायचं आहे त्याच्या आजूबाजूचं सगळं लिहून होतं, तेवढंच राहून जातं. गेल्या पुरात माझ्या वह्या चिखलात गेल्या तेव्हा घरातल्यांना वाटलं, म्हातारा खचणार. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. त्या वह्यांत हे प्रकरण नव्हतंच.

आई म्हणायची, "श्रीधर, पायाला भिंगरी लावून जन्माला आलास का रे?" कुळथाचं पिठलं ताटात पडायच्या आत मी अर्धी भाकरी खाऊन उठलेला असायचो. मोडी मात्र मी लवकर शिकलो. त्या लिपीत हात उचलायचा नसतो, अक्षरामागून अक्षर धावत जातं, आणि ते माझ्या स्वभावाला मानवलं असावं. पाटीवर तात्या एक ओळ लिहीत आणि सुपारी तोंडात टाकून गप्प बसत. मी भराभर वाचून दाखवी. चुकलो तर ते काही बोलत नसत, फक्त पाटी पुन्हा माझ्याकडे सरकवत. मॅट्रिकला पोचेपर्यंत मला वाटायला लागलं होतं की पाटी आता सरकवावी लागणार नाही.

पोलादपूरच्या हायस्कुलात माझ्याबरोबर आमच्या कोंडाच्या बौद्धवाडीतला सुदाम होता. रोज दीड तास जायला, दीड तास यायला. वाटेत एका कातळावर बसून आम्ही डबे बदलायचो. त्याच्याकडे नाचणीची भाकरी आणि चुलीत भाजलेली सुकट असायची, माझ्याकडे दहीपोहे किंवा गूळ-चपाती. सुकटीचा वास हाताला राही. आईला तो कळत असणारच, पण ती बोलत नसे. मी आलो की "आधी हात-पाय धू" म्हणे, आणि त्या दिवशी बाहेर ठेवलेली बादली नेहमीपेक्षा काठोकाठ भरलेली असे. आमच्या घरात ही गोष्ट एवढ्यावरच मिटायची. सुदामला मी हे कधी सांगितलं नाही. त्याला ठाऊक असावं, कारण तो आमच्या ओटीची पायरी कधी चढला नाही.

सुदामचे वडील मुंबईला गिरणीत. घरी आई आणि आजोबा, गंगाराम धोंडू. सगळे त्यांना गंगारामबाबा म्हणत. उंच, काटक माणूस. तरुणपणी ते दासगावला खाडीकाठच्या एका बंगल्यावर कामाला होते. तिथे एक निवृत्त मामलेदार एकटे राहायचे. जुन्या संस्थानी वळणाचे, पण माणूस जातपात न बघणारा. गंगारामबाबा त्यांची होडी वल्हवायचे, बाग बघायचे, संध्याकाळी दिवाबत्ती करायचे. वय झालं तसे मामलेदार बंगला बंद करून नातेवाइकांकडे गेले. जाताना त्यांनी गंगारामबाबांना एक वस्तू दिली : पितळेची उंच दांडी, तिला पाच वळणदार फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला मेणबत्ती बसवायची वाटी. वाडीत तिला 'झाड' म्हणत. बाबांच्या झोपडीत कित्येक वर्षं ते झाड गोणपाटात गुंडाळून पडलं होतं, कारण मेणबत्ती लावायचं कारणच नव्हतं. पुढे वाडीने धम्म घेतला, चार भिंतींचं कौलारू विहार उभं राहिलं, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागू लागल्या. तेव्हा बाबांनी गोणपाट सोडला आणि झाड विहारात नेऊन ठेवलं. पाच फांद्या म्हणजे पाच शीलं, असं वाडीत पोरांना शिकवू लागले. दर पौर्णिमेच्या आधी बाबा चिंचेने ते घासत. मी आणि सुदाम वाट्यांतलं मेण काडीने खरवडायचो. "हळू रे," बाबा म्हणत, "ती काय खाजवायची पाठ नाय." मग तेच खरवडलेलं मेण ते जपून डबीत भरत. भेगाळलेल्या टाचांना लावायला.

संध्याकाळची वंदना बाबाच सांगायचे. मी विहाराच्या दाराबाहेर सुदामची वाट बघत उभा राहायचो, तेव्हा आवाज ऐकू यायचा. दुसरं शील, जे दिलेलं नाही ते घेणार नाही असं सांगणारं, बाबा बाकीच्यांपेक्षा थोडं सावकाश म्हणायचे. तेव्हा मला वाटायचं, दम लागतो म्हणून.

आमची मॅट्रिकची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात वाडीने बुद्धपौर्णिमेला एक पाहुणा बोलावला. मामलेदार तोवर वारले होते; हे त्यांचे पुतणे, अप्पासाहेब. पुण्यात मोठं नाव असलेले गृहस्थ. दासगावचा बंगला विकायच्या कामासाठी ते महाडला आले होते, आणि काकांची आठवण काढणारी माणसं इथे आहेत हे ऐकून त्यांना बरं वाटलं होतं. जीपमधून उतरले ते हसतच. हार घेतला, दोन शब्द छान बोलले. मग मूर्तीला नमस्कार करायला वाकले आणि तसेच थांबले.

"हे कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या काकासायबांनी दिलं," गंगारामबाबा कौतुकाने म्हणाले. "त्यांचंच हाय. म्हणून तर तुमास्नी बोलावलं."

"दिलं? हा कँडल-स्टँड आमच्या आजोबांनी विलायतेहून मागवलेला. काका तो द्यायचे नाहीत. बंगल्याच्या सामानात तो सापडला नाही म्हणून आमच्या घरात किती वर्षं बोलणं चाललंय."

मग बाबाच म्हणाले, "कागद हाय माझ्याकडं. सायबांच्या कारकुनानं लिवलेला. सही हाय."

अप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. हे मला लिहायलाच हवं, कारण सगळं त्यांच्यावर ढकलणं मला सोयीचं झालं असतं. ते म्हणाले, "कागद असेल तर प्रश्नच मिटला. मी तुमची सगळ्यांसमोर माफी मागेन. उद्या सकाळी शाळेच्या ओटीवर वाचू. दुपारी मला निघायचंय."

तात्या तेव्हा महाडला पेपर तपासायला गेले होते, आठवडाभर यायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओटीवर सगळा कोंड आणि सगळी वाडी जमली. कोंडातले वर, वाडीतले खाली पटांगणात, नेहमीसारखे. गंगारामबाबांनी पत्र्याच्या नळीतून कागद काढला आणि छातीशी धरून उभे राहिले. "मास्तर येऊं देत," ते म्हणाले. "मास्तरच वाचतील."

"मास्तर यायला आठवडा आहे, मला थांबता येणार नाही," अप्पासाहेब म्हणाले.

तेव्हा सुदाम पुढे आला. अभिमानाने म्हणाला, "आजा, श्रीधरला येतं की. मास्तरांसारखंच येतं. दे त्याच्याकडं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि कागद माझ्या हातात दिला.

दोन ओळींचा मजकूर. अक्षर सुरेख, एकही जागा फाटलेली नाही. मी एका दमात वाचलं : "गंगाराम धोंडू यास शमादान दिले असे. पुढे कोणी हरकत करू नये." खाली सही. मी दोनदा मनात वाचलं नाही, पाणी प्यायला उठलो नाही. एवढ्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच वाचत होतो आणि माझा आवाज मला फार आवडला होता.

"झाड असं कुठं लिहिलंय?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"झाड हा शब्द नाही."

"मग काय दिलंय म्हणतोस?"

शमादान. मला तो शब्द ठाऊक नव्हता. 'ठाऊक नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण आमच्याकडे क्षमाला सगळे शमाच म्हणतात. देवापुढे बायका 'शमा कर रे बाबा' म्हणूनच कान धरतात. आणि मोडी लिहिणारे कारकून ऱ्हस्व-दीर्घ, श-क्ष यांची पर्वा करत नाहीत, हे मला तात्यांकडून कळलेलं होतं. मला वाटलं, कारकुनाची चूक मी पकडली.

"क्षमादान," मी म्हणालो. "कारकुनाने बोलण्यातलं तसंच लिहिलंय. गंगारामला क्षमादान दिलं, यापुढे कुणी हरकत घेऊ नये."

ओटीवर कुणीतरी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "म्हणजे धरला होता तर," मागून कोण बोललं ते मी बघितलं नाही. "आणि स्वतःच कागद सांभाळून ठेवला लेकाने," दुसरा म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

गंगारामबाबा हसले नाहीत, रागावले नाहीत. ते पटांगणातून दोन पावलं पुढे आले आणि मला विचारलं, "श्रीधर, मी काय केलं व्हतं, त्ये लिवलंय का रे त्यात?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "ते लिहिलेलं नाही."

ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपापलं लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत कोंडात तीन गोष्टी तयार झाल्या होत्या आणि तिन्हींत बाबांनी झाडाबरोबर आणखी काही ना काही लांबवलं होतं. आज मी स्वतःला विचारतो : तो कागद आमच्या आळीतल्या कुणाचा असता, तर 'क्षमा' हा शब्द माझ्या जिभेवर इतक्या चटकन आला असता का? दोनदा वाचायला मी थांबलो नसतो का? उत्तर मला ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न मी आजवर कागदावर येऊ दिला नाही.

अप्पासाहेब म्हणाले, "काकांनी माफ केलं, तिथे मी कोण? माझी तक्रार नाही. वस्तू तेवढी न्यायची." झाड जीपमध्ये गेलं. जायच्या आधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हुशार आहेस. पुढे काय करणार? कॉलेजला पुण्याला ये. आमच्या घरी राहा." मी सुदामकडे बघितलं. तो आपल्या आजोबांचा हात धरून वाडीच्या वाटेला लागला होता. त्याला हाक मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी पुण्याला जायचं या कल्पनेने मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली होती. ही दोन्ही एकाच वेळी होती, हे आज लपवून काय करू?

तात्या आले तेव्हा त्यांना सगळं आईकडून कळलं होतं. त्यांनी घोंगडी टाकली, मला समोर बसवलं. कागदावरचं वाक्य माझ्याकडून म्हणून घेतलं.

"अक्षर श होतं की क्ष?"

"श."

"मग?"

"कारकुनाची चूक."

अडकित्ता थांबला. "दाखल्यासाठी महाडला जाशील तेव्हा वाचनालयात जा," ते म्हणाले. "मोठा कोश आहे त्यांच्याकडे. तो शब्द बघून ये."

मी गेलो. जाड, पिवळट कोश होता, बांधणी सुटलेला. ग्रंथपाल दाराशी वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि बाहेर कुणीतरी कल्हई लावत होता, त्याचा नवसागराचा धूर आत येत होता. शमादान हा शब्द शोधायला मला मिनिटही लागलं नाही. तो तिथे होताच, स्वतंत्र, ठळक : मेणबत्त्या लावण्याचे शाखांचे उपकरण. पुढे मूळ दिलं होतं. शमा हा अरबी शब्द. आधी मेण, मग मेणबत्ती. दान हा फारसी प्रत्यय. ठेवण्याचं पात्र, जागा. मी आयुष्यभर जे शब्द बोलत होतो ते सगळे एका ओळीत माझ्यासमोर उभे राहिले. कलमदान. पिकदाणी. अत्तरदाणी. गुलाबदाणी. आमच्या घरातली मच्छरदाणीसुद्धा. यातलं कुठलंच कुणी कुणाला दान केलेलं नव्हतं. दोन वेगळ्या भाषांतले दोन दान, दिसायला जुळे. एकाचा अर्थ देणं, दुसऱ्याचा नुसता सांभाळणं. कारकुनाने काडीचीही चूक केली नव्हती. 'गंगाराम धोंडू यास शमादान दिले असे.' मामलेदारांनी गंगारामबाबांना पाच फांद्यांचं ते झाड दिलं होतं आणि कुणी हरकत घेऊ नये म्हणून लिहून ठेवलं होतं. आणि हरकत आली तेव्हा तो कागद वाचला मी.

परतताना एसटीत मला उभं राहावं लागलं आणि त्याचं बरं वाटलं. पोलादपूरला उतरून कोंडापर्यंतची वाट मी जवळजवळ पळत आलो. घरी आलो तर ओटीवर पुण्याहून आलेलं अप्पासाहेबांचं पत्र उघडं पडलेलं. खोली तयार आहे, प्रवेशाचं बघतो, अमुक तारखेला निघा. आई पत्र्याच्या पेटीवर माझं नाव रंगाने लिहून घ्यायला निघाली होती. कढईत वालाचं बिरडं शिजत होतं. माझ्या आवडीचं, सणाशिवाय व्हायचं नाही.

"बघितलास शब्द?" तात्यांनी विचारलं.

"वाचनालय बंद होतं," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मंगळवार होता आणि महाडचं वाचनालय मंगळवारी उघडं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मग अडकित्त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्यांनी तो प्रश्न पुढे कधी विचारला नाही. पोराचं पुणं त्यांनाही हवं होतं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण या पापात मी एकटा नव्हतो, एवढं लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्यांचा वाटा त्यांच्याकडे, माझा माझ्याकडे. माझा मोठा आहे.

पुण्यात चार वर्षं मी त्या झाडाखाली जेवलो. अप्पासाहेबांच्या दिवाणखान्यात ते कोपऱ्यातल्या तिवईवर असे. दिवाळीला ते घासायचं काम मी मागून घ्यायचो, आणि सगळ्यांना वाटायचं, मुलगा कामसू आहे. पाहुणे आले की अप्पासाहेब सांगत, "काकांच्या नोकराने लांबवलं होतं. आमच्या श्रीधरने मोडी वाचून परत मिळवून दिलं." तोवर मी चहाचा ट्रे घेऊन आत आलेला असे. चार वर्षांत एकदाही ट्रे हातातून पडला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

सुट्टीत गावी गेलो की कळायचं ते ऐकीव. गंगारामबाबांनी विहारात जाणं सोडलं होतं. पहिल्या काही संध्याकाळी ते गेले. पण दुसऱ्या शीलापाशी आले की गप्प व्हायचे, आणि पोरं एकमेकांकडे बघायची. मग ते घरच्या पायरीवर बसून लांबूनच ऐकायला लागले. सुदाम पुढे शिकला नाही; वडिलांपाठोपाठ मुंबईला जाऊन एका छापखान्यात लागला. एकदा मी वाडीच्या वाटेपर्यंत गेलो होतो. बाबा अंगणात सूप घेऊन भात पाखडत बसले होते. त्यांनी मला बघितलं असावं, कारण हात थांबला. मी ओढ्यापाशीच वळलो. मॅट्रिकच्या त्या उन्हाळ्यानंतर ते दोन वर्षं जगले.

मी प्राध्यापक झालो, तोही मराठीचा. शब्दांची मुळं सांगून पोट भरलं. निवृत्त होऊन महाडला आलो तर सुदामही मुंबईचा छापखाना सोडून इथेच आलेला, बाजाराच्या मागच्या अंगाला राहणारा. भाजीला भेटायचा. "काय रे श्री, बरा हायस ना?" एवढंच. दर वेळी मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचो आणि निघून यायचो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो बघून चेहरा जरा जास्तच निर्विकार ठेवला. मी दवाखान्यातून निघालो तो घरी न जाता सुदामकडे गेलो.

"सुदाम, तुझ्या आजोबांच्या कागदाबद्दल बोलायचं होतं."

"च्या घे आधी," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "शमादान म्हणजे माफी नाय. तेच ना? म्हाईत हाय मला. छापखान्यात लखनौकडचा एक कंपोझिटर व्हता. एकदा सहज बोलता बोलता निघालं. म्हणला, अरे शमा मतलब मोमबत्ती. मी मशीन बंद केलं. फोरमन ओरडला, पन मला काय चालू करता येईना."

"मग तू मला कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? आजा गेलेला. आणि तू काय मुद्दाम केलंस काय? सोळा-सतरा वर्साचं पोर. तुला ठाऊक नव्हतं, तसं कोणालाच नव्हतं. त्या पुणेवाल्याला तरी कुठं व्हतं?" त्याने बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "तुला पुढं ढकललं मीच. आजा म्हणत व्हता मास्तर येऊं देत. मीच म्हणलो, श्रीधरला येतं. तुझ्यापरीस माझ्या जिवाला ते जास्त लागलंय, लेका."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सुदामने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी मला निर्दोष म्हणत होतं. मी चहा प्यायलो.

"कागद हाय अजून," तो म्हणाला. "रविवारी वाडीत चल. तेव्हा वाचलंस तसंच सगळ्यांसमोर वाच, पन नीट. बस झालं."

झाड परत करायची सोय नाही, हे मी त्याला सांगितलं. अप्पासाहेबांचं घर पाडून तिथे इमारत झाली, मुलं परदेशात. त्यांच्यापैकी एकाला मी फोन केला होता, त्याला अशी वस्तू घरात होती हेही आठवत नव्हतं. सुदाम म्हणाला, "झाडाचं काय करायचंय?"

रविवारी आम्ही सहा आसनी रिक्षाने गेलो. विहार आता स्लॅबचं आहे, फरशी, पंखे, स्टीलची रेलिंग. पंधरा-वीस माणसं आली होती. निम्म्यांना हे प्रकरण ठाऊकच नव्हतं, आणि मला क्षणभर वाटलं, मग कशाला? तेवढ्यात भिंतीपाशी बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "तेच गो ते, माफीवाल्याचं." नाव गेलं होतं, तेवढा शब्द राहिला होता.

मी कागद घेतला. मनात दोनदा वाचला. पाणी मागितलं, प्यायलो. मग मोठ्याने वाचून शमा म्हणजे काय, दान म्हणजे काय, सगळं सांगितलं. कलमदान, पिकदाणी सांगितलं तेव्हा पोरं हसली. कुणीतरी 'मच्छरदाणी' म्हणालं, मी हो म्हणालो. गंगाराम धोंडूंना ती वस्तू मालकाने राजीखुशीने दिली होती, त्यांनी काहीही चोरलं नव्हतं, त्यांना कुणी कसलीही माफी दिली नव्हती कारण माफ करण्यासारखं काही नव्हतंच, हे मी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. म्हातारीने हात जोडले. सुदामचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, झालं.

सुदामच्या चुलतभावाची नात प्रज्ञा, महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने हात वर केला, वर्गात करतात तसा. "आजोबा, पण हा अर्थ तुम्हांला कधी कळला?"

प्रश्न साधा होता. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

"आता म्हातारपणी पुस्तकं चाळताना सापडला असंल," सुदाम माझ्या वतीने म्हणाला. "मास्तर लोकांना दुसरं काम काय?" सगळे हसले. मीही हसू शकलो असतो. वाट तयार होती, फक्त पाऊल टाकायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "त्याच उन्हाळ्यात कळला. महाडच्या वाचनालयात. पुण्याला जायच्या आधी."

प्रज्ञाने काहीतरी मनात मोजलं. "म्हणजे गंगारामबाबा तेव्हा..."

"होते. पुढे दोन वर्षं होते."

सुदाम उठला. त्याने माझ्या हातातून कागद घेतला, जुन्या घड्यांवर घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला. घाई केली नाही. "दोन वर्सं," तो म्हणाला. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. मी काही बोलणार होतो. त्याने हात वर करून थांबवलं, आणि माझ्याकडे न बघता पोरीला म्हणाला,

"प्रज्ञा, ह्यांना रस्त्यापर्यंत सोडून ये. त्यांची गाडी चुकंल."

कातळावर बसून डबे बदलायचो तेव्हापासून सुदाम मला अरे-तुरे करत आला होता.